नुसतं बसणाऱ्यांचं मंडळ

आगरदांडा
२८ नोव्हेंबर २०२४

प्रणाली,

पत्र बघून आधी हसून घे. पोस्टात जाऊन तिकीट कुठल्या कोपऱ्यात चिकटवायचं ते मला विचारावं लागलं. पण करणार काय? तुझा नंबर बंद. दाजींच्या फोनवर दोनदा केला. एकदा म्हणाले, ती कामात आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, ती झोपली आहे. भर दुपारी तू झोपतेस? वर्गात शेवटच्या बाकावरसुद्धा तुला कधी डुलकी लागली नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेला आलीस तेव्हाही दाजी गेटवर गाडी चालू ठेवून उभे होते. धड बोलणं झालं नाही.

बातमी अशी की लग्न करून तू पालीला गेलीस आणि मंडळाचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. मी काही नवीन करणार नव्हते. मुलांना गेटबाहेरची टपरी आहे, बदामाखालचा पार आहे, मैदान आहे. आपल्याला लेक्चर संपलं की घर. म्हणून पहिल्या वर्षाला असताना तू भांडून ग्रंथालयामागची खोली मिळवलीस आणि दर बुधवारी दुपारी आपण तिथे बसायला लागलो. कॅरम, चहा, गप्पा, भांडणं. दिघीच्या मुलींची बोट चुकू नये म्हणून एक डोळा घड्याळाकडे. बस. तेच चालू ठेवायचं होतं.

पण आता प्राचार्यांनी फर्मान काढलंय. फेब्रुवारीत गॅदरिंगला नव्या इमारतीचं उद्घाटन आहे, संस्थेचे अध्यक्षसाहेब पाहुणे घेऊन येणार. त्यांच्यासाठी गेटपासून स्टेजपर्यंत बारा मुली हव्यात, एकाच रंगाच्या नऊवारीत, हातात औक्षणाचं ताट. "मंडळाच्या मुली आहेतच की," म्हणाले. दिशा तिथेच उसळली. मी मात्र "बघते सर" म्हणून आले. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, एवढं कळव.

तुझी,
नेत्रा


पाली
८ डिसेंबर २०२४

सौ. प्रणालीकडून चि. नेत्रा हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. आम्ही सर्व येथे मजेत आहोत. सासूबाईंची तब्येत चांगली आहे. घरचे सगळे माझी फार काळजी घेतात. कामात वेळ कसा जातो कळत नाही, त्यामुळे फोन करणे जमत नाही. राग मानू नये.

औक्षणाबद्दल विचारलेस. पाहुण्यांचे स्वागत करणे हा आपला मान आहे. मोठ्यांचे ऐकावे. कॉलेजचे दिवस थोडेच असतात, नंतर संसारच करायचा असतो. अभ्यास नीट कर. घरी सर्वांना नमस्कार सांग.

सौ. प्रणाली


आगरदांडा
१५ डिसेंबर २०२४

सौ. प्रणालीताई यांस,

आशीर्वाद मिळाले. माझ्याहून चार महिन्यांनी लहान असून दिलेत, आभारी आहे.

तुमचं पत्र मी बुधवारी खोलीत वाचून दाखवलं. दिशा म्हणाली, "हे तिने लिहिलंय?" रुचिता कॅरमची पावडर पुसत राहिली. ज्या मुलीने प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटून खोली मागितली, ती सहा-सात महिन्यांत मोठ्यांचं ऐकावं म्हणायला लागली. लग्नाने एवढं होत असेल तर मला सांगून ठेव, म्हणजे बाबा स्थळ आणतील तेव्हा मी खाडीत उडी मारीन.

आम्ही आमचं ठरवू. आता कळवत बसत नाही.

नेत्रा


पाली
२४ डिसेंबर २०२४

नेत्रा,

आधी हे ऐक. ते पत्र मी ओटीवर बसून लिहिलं. तुझे दाजी विनेश शेजारी होते. लिहून झाल्यावर त्यांनी वाचलं, पत्ताही त्यांनीच घातला. तुला ते खरं वाटलं याचा मला राग आला होता. मग वाटलं, मी लिहिलंच होतं तसं.

इथे मला कुणी मारत नाही. कुणी ओरडतही नाही. सासूबाई पानात तूप वाढतात, विनेश कंपनीतून येताना वडापाव आणतात. फक्त मी एकटी कुठेच नसते. माझा फोन पडला, दुरुस्तीला दिला, तो परत आलाच नाही. विचारलं की म्हणतात, "आणू की, घाई काय आहे?" मंगळवारी आणि शुक्रवारी शिवणक्लासला जाते तेवढा दीड तास माझा. क्लास भागुबाई आपल्या शिवणाच्या दुकानात घेतात. कुणाच्या अध्यातमध्यात नसतात, पण डोळे उघडे असतात. पत्रं त्यांच्या पत्त्यावर टाक, मागे लिहिलाय.

आता औक्षण. ज्यांना हौस आहे त्यांनी करावं, आनंदाने करावं. पण मंडळाच्या म्हणून हुकमाने उभ्या राहू नका. एकदा ताट हातात घेतलंत की पुढच्या वर्षी रांगोळी, मग पाहुण्यांना पाणी, मग सरबत. ती खोली आपण पाहुण्यांसाठी मागितली नव्हती. तेव्हा प्राचार्यांनी विचारलं होतं, "उद्दिष्ट काय लिहू?" मी म्हटलं, "विद्यार्थिनींनी एकत्र बसणे." "बसून काय करणे?" म्हणाले. मी म्हटलं, "ते बसल्यावर ठरवू." त्यांनी लिहिलं. त्यांच्याच हातचं आहे.

आणि मार्चअखेरीच्या परीक्षेला मी येणार आहे. तसं लग्नातच ठरलंय.

प्रणाली


आगरदांडा
९ जानेवारी २०२५

प्रणाली,

मागच्या पत्राची माफी भेटल्यावर मागीन, इथे जागा पुरणार नाही. खूप झालंय.

प्राचार्यांनी बोलावलं. "नेत्रा, बारा नावं दे."

मी म्हटलं, "सर, ज्यांना हौस आहे त्यांना तुम्ही विचारा. मंडळ नावं देणार नाही."

"मग मंडळ करतं काय?"

दिशा मागून म्हणाली, "बसतं, सर."

"तीन वर्षं कॉलेजची खोली वापरताय. कॉलेजला तुमचा उपयोग काय?"

हेतल, ती मुरुडच्या कापडदुकानवाल्यांची, कधी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "सर, मैदानाचा काय उपयोग होतो?"

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. आत आपला कॅरम. मग आम्ही काल बुधवारी प्राचार्यांच्या ऑफिससमोरच्या पायऱ्यांवर बसलो. पाच वर्गांतल्या मिळून चौदा जणी. घोषणा नाहीत, फलक नाही. हेतलने चहाचा थर्मास आणला, भेंड्या खेळलो. प्राचार्य दोनदा दार उघडून बघून गेले.  पायऱ्यांवर बसू नये असा नियम कुठे आहे?

पण कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि वर लिहिलं, "मुली शिकायला जातात की टवाळक्या करायला?" संध्याकाळपर्यंत तो मुरुडपासून दिघीपर्यंत फिरला. माझे बाबा जेटीवर बोटीची तिकिटं देतात, तुला माहीतच आहे. प्रत्येक माणूस तिकीट घेताना त्यांना दाखवून गेला. घरी आले आणि आईला म्हणाले, "हिला सांग, माला तोंड लपवाया बोटीवर जागा न्हाय." माझ्याशी बोलले नाहीत. अजून बोललेले नाहीत.

पुढच्या बुधवारी बसायचं ना?

नेत्रा


पाली
१७ जानेवारी २०२५

नेत्रा,

बसायचं. विचारतेस काय?

चौदाच्या चार झाल्या तरी बसा. एखादीला घरून बंदी आली तर तिला नावं ठेवू नका, तिची जागा रिकामी ठेवा. बाबांशी तू भांडू नकोस आणि बसणंही सोडू नकोस. दिशाला म्हणावं, त्या दिवशी पायऱ्यांवर मान मागे टाकून एवढ्या मोठ्याने हसलीस, तशीच हसत राहा.

तो व्हिडिओ इकडे कुणाला माहीत नाही, काळजी करू नकोस. माझं छान चाललंय. अभ्यास करते. घाईत लिहिलंय, भागुबाई दुकान बंद करताहेत.

प्रणाली


पाली
६ फेब्रुवारी २०२५

नेत्राताई,

मी भागुबाई, शिवणक्लासवाली. माजं अक्षर चांगलं न्हाय, समजून घे. तुजी दोन पत्रं माज्याकडं पडून हायत. प्रणाली क्लासला येत न्हाय. बंद केला तिचा.

तो तुमचा व्हिडिओ इकडं आला. कुणी नातलगानं तिच्या नवऱ्याला सांगितलं का हे मंडळ तुज्या बायकोनंच काढलेलं. मंग घरात लय बोलणं झालं. आता परीक्षेलापण जायचं न्हाय म्हंतात. ती नळावर येते पाण्याला, माज्याकडं बघते आन जाते. संगं नणंद असते. तुला कळवू नको म्हनून तिनं माला आधी सांगून ठेवलंवतं. पर माला ऱ्हाववलं न्हाय.

भागुबाई


आगरदांडा
९ फेब्रुवारी २०२५

भागुबाई मावशी,

तुमचं पत्र मिळालं आणि मी तिचं मागचं पत्र काढून पुन्हा वाचलं. दिशा त्या दिवशी पायऱ्यांवर मान मागे टाकून हसली असं तिने लिहिलं होतं. मी तर हसण्याचं अक्षरही लिहिलं नव्हतं. म्हणजे तेव्हाच तिने व्हिडिओ पाहिला होता आणि तो तिला कशासाठी दाखवला असेल ते आत्ता कळलं. आम्ही पायऱ्यांवर बसलो त्याची शिक्षा तिला झाली आणि ती मला "बसा" म्हणून लिहीत राहिली.

येत्या बुधवारी आम्ही पालीला येतो. मुरुडहून रोहा, रोह्याहून पाली. देवळात जाऊन मग तिच्या घरी. तिला सांगू नका, नाहीतर ती नको म्हणेल.

नेत्रा


पाली
१४ फेब्रुवारी २०२५

नेत्रा,

हे भागुबाईंकडे नळावर देते आहे. नणंदेसमोर, उघडपणे. ती बघत राहिली.

तुम्ही अंगणात आलात तेव्हा मी आत भांडी घासत होते. आधी हेतलचा आवाज ऐकला. मला वाटलं भास झाला. मग सासूबाईंचा आवाज, "कुनाच्या गो तुमी?" आणि तू म्हणालीस, "प्रणालीच्या मंडळातल्या."

माझा हात तसाच राखेत राहिला.

सासूबाई ओटीवर वाल सोलत होत्या. म्हणाल्या, "त्या व्हिडिओतल्या?" मला वाटलं, आता तू काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेशील. तर दिशा म्हणते, "व्हय आजी, ती मोठ्यानं हसनारी मीच." नेत्रा, मला इतकं हसू फुटलं की मी पदर तोंडात धरला.

"काय काम काढलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"काम नाही. आज बुधवार. मंडळ बसतं," तू म्हणालीस, आणि पाचही जणी ओटीवर बसलात. वालाची टोपली पुढे ओढलीत. रुचिताने पहिली शेंग सोलली तेव्हा मी बाहेर आले. बाकी तू पाहिलंस. विनेश पहिल्या पाळीवरून आले आणि चपलाही न काढता पायरीशी उभे राहिले. त्यांना आपल्याच घरात कुठे बसावं ते कळेना. शेवटी हेतलने त्यांना चहा दिला, आमच्याच कपातून.

तुम्ही गेल्यानंतरचं सांगते. विनेश म्हणाले, "गावात आता काय तोंड दाखवायचं? पाच पोरी येऊन घरात बसतात म्हणजे काय?" सासूबाई टोपली आवरत होत्या. म्हणाल्या, "नऊ म्हैने झाले, ही हसते कशी ते माला आज कळलं." मला वाटलं, झालं, आता त्या माझ्या बाजूने बोलतील. पण लगेच म्हणाल्या, "हसायला माजी ना न्हाय. पर कालेज आता पुरं. घरातली लोकं उपाशी ऱ्हातील."

मी भिंतीला टेकून उभी होते. मी म्हटलं, "आई, लग्नात सगळ्यांसमोर ठरलं होतं. मी परीक्षेला जाणार."

"कुनाला इचारून?"

"विचारत नाही. सांगते आहे."

  मी खाली बसले. पण शब्द मागे घेतला नाही. परीक्षेच्या दिवसांत रोज पालीहून जा-ये होणार नाही. राहायचं कुठे, ते माझं मला ठरवावं लागेल. माहेरी गेले तर आई दुसऱ्या दिवशी इथे आणून सोडील.

तुम्ही आलात त्याबद्दल मी आभार मानणार नाही. आपण एकमेकींचे आभार मानत नाही.

प्रणाली


आगरदांडा
२५ फेब्रुवारी २०२५

प्रणाली,

गॅदरिंग झालं. ऐक.

आम्ही नाही म्हटल्यावर प्राचार्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलींना विचारलं. त्या आमच्याकडे आल्या. मी म्हटलं, तुम्हाला मनापासून करायचं असेल तर करा, कुणी राग धरणार नाही. त्यांनी आपापसात ठरवलं आणि जाऊन सांगितलं, "सर, मुलगे पण उभे राहिले तर आम्ही राहू." त्यावर सर चिडले आणि हट्टाने नुसत्या क्रिकेटच्या टीमलाच उभं केलं. बारा धटिंगण, ब्लेझर घालून, हातात ताटं. खाडीवरून असा वारा सुटला की एकाचंही निरांजन टिकेना. कप्तानाने अध्यक्षसाहेबांच्या कपाळाला कुंकू लावायच्या ऐवजी नाकाला लावलं. मंडप हसला. अध्यक्षसाहेब मात्र हसले नाहीत.

सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला. विद्यार्थिनी मंडळ बरखास्त. खोली कायमची गेली, तिथे जुनी कागदपत्रं ठेवणार. मला बोलावून सांगितलं की पुन्हा पायऱ्यांवर दिसलात तर वडिलांना बोलावू. मी म्हटलं, "बोलवा सर, ते जेटीवरच असतात." बाहेर येऊन रडले, ते खोटं कशाला सांगू. कॅरम तेवढा परत दिला.

आज कळलं की पहिल्या वर्षाच्या मुलींनी उद्याचं आपणहून ठरवलंय. उद्या महाशिवरात्रीची सुट्टी, कॉलेज बंद. म्हणून जेटीच्या धक्क्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसायचं. एकोणीस जणी येणार आहेत. मंडळ होतं तेव्हा कधी एवढ्या जमल्या नव्हत्या.

आता तुझं राहणं. मी बाबांना विचारलं. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "प्रणालीला परीक्षेपुरतं आपल्याकडे ठेवायचंय. तिच्या घरच्यांना पसंत नाही." बाबा जाळीच्या दाराकडे वळले. मग आईला म्हणाले, "माळ्यावरची गादी काढ. उन्हात टाक." माझ्याशी नाहीच बोलले. पण गादी मला एकटीला उतरवता येईना, तेव्हा दुसरं टोक त्यांनी धरलं.

ये.

नेत्रा


आगरदांडा
३ एप्रिल २०२५

विनेश,

तुम्हाला पहिल्यांदाच नावाने हाक मारते आहे. हे पत्र आईंनाही वाचून दाखवा. माझ्या शेजारी बसून ते कुणी वाचलेलं नाही, म्हणून यात आहे ते सगळं माझं आहे.

त्या सकाळी मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. अडवलं नाहीत. स्टँडपर्यंत पोचवायलाही आला नाहीत. त्यातलं पहिलं मी लक्षात ठेवलंय, दुसरंही ठेवलंय. आई आतून म्हणाल्या, "गेलीस तर तुजं तू बघ." मी बघितलं. रोह्याला गाडी चुकली, दुसरी मिळाली. जेटीवर नेत्राच्या वडिलांनी माझी पिशवी घेतली आणि विचारलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "माज्याकडची पावणी हाय. परीक्षेला आलीय." कुणी पुढे काही विचारलं नाही.

पाच पेपर झाले, चांगले गेले. शेवटचा परवा शनिवारी. तुम्ही नेत्राच्या फोनवर दोनदा फोन केलात आणि दोन्हीदा "जेवलीस का?" एवढंच विचारलंत. मला बरं वाटलं. पण तेवढं पुरे नाही.

माझा फोन रोह्याच्या ज्या दुकानात दिला होता, तिथे मी परवा जाऊन आले. तो डिसेंबरातच दुरुस्त झाला होता. मी घेऊन आले. यापुढे तो माझ्याजवळ राहील आणि कुणी वाचणार नाही. शिवणक्लास पुन्हा सुरू करीन. बुधवारी दुपारी भागुबाईंच्या दुकानात आम्ही चार-पाच जणी बसणार आहोत. त्यांना मी विचारलंय, त्यांना चालतंय. आईंना यायचं असेल तर जागा आहे. नसेल यायचं तर त्या दुपारी भाकऱ्या मी आधी करून ठेवीन, नाहीतर तुम्ही पाव आणा. घर उपाशी राहणार नाही.

मी भांडायला येत नाही. तुमच्याबरोबर राहायला येते. पण जशी गेले होते तशीच परत येणार नाही, हे आधी कळावं म्हणून लिहिलं.

रविवारी, रामनवमीच्या दिवशी, दुपारच्या गाडीने येते. स्टँडवर याल तर पिशवी तुमच्या हातात देईन. नाही आलात तर मला रस्ता माहीत आहे. दार उघडं असलं तर आत येईन. बंद असलं तर उघडेपर्यंत वाजवीन.

प्रणाली